गुरुजींचा डस्टर

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. जन्मभर गणित शिकवलं. कुणी अंगारे-धुपाऱ्यांच्या गोष्टी काढल्या की मी उठून जायची... तरीही हे लिहितेय, कारण राग अजून गेलेला नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. ट्रेनिंग संपवून लालबागच्या एका शाळेत मी नुकतीच लागले होते. तिसरीचा वर्ग, पहिला मजला, खिडक्या थेट रस्त्यावर. "आधीच्या गुरुजींची बदली झाली," हेडमास्तर म्हणाले. फळ्याशेजारी भिंतीवर गिलाव्याचं ताजं ठिगळ होतं. मला वाटलं, ओल आली असेल.

पहिल्याच आठवड्यात एका दुपारी रस्त्यावरून घोषणा ऐकू यायला लागल्या. पळापळ सुरू झाली. मी फळा पुसत होते. तेवढ्यात पाठीमागे टेबलावर डस्टर आपटल्याचा आवाज – ठक, ठक, ठक! वळून बघते तर अख्खा वर्ग जमिनीवर पालथा पडलेला.

मी भडकले. नवी बाई बघून चेष्टा चालवलीय!

"उठा! कोणी आपटलं ते?"

एकजण हलेल तर शपथ. पुढच्या रांगेतली सुमन खालूनच कुजबुजली, "बाई, आडव्या व्हा ना... गुरुजी सांगतायत."

तिला दंडाला धरून उठवायला मी वाकले – आणि खिडकीची काच फुटली. भिंतीचा चुना अंगावर उडाला. मी उभी होते तिथेच, डोक्याच्या उंचीवर, त्या ठिगळाला लागून गोळीचं भोक पडलं होतं.

तेव्हा कुठे लक्षात आलं, डस्टर माझ्याच हातात होता. वर्गात दुसरा नव्हताच.

"गेल्या टायमाला पण गुरुजींनी असाच आपटला," सुमन रडत सांगत होती. "आम्ही सगळे झोपलो. गुरुजी एकटेच उभे राहिले."

बदली म्हणे!

मी तणतणत हेडमास्तरांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, आरडाओरडा नको. संध्याकाळी गवंडी बोलावतो." माणूस मेला, आणि ह्यांना गिलाव्याची काळजी! माझ्यासारख्या कालच्या पोरीला त्याच जागी उभं करताना एक शब्द सांगावासा वाटला नाही? दुसऱ्या दिवशी कुणाला न विचारता मी वर्ग मागच्या खोलीत हलवला.

तो आवाज कुठून आला, मला आजही कळलेलं नाही. हे ऐकलं की सगळे विचारतात, डस्टर कोणी आपटला? गोळी कोणी झाडली, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही.