भाऊजींनी राखून ठेवलेला निकाल

ऑक्टोबरचा दुसरा रविवार, सकाळी साडेदहा. स्थळ: नॉटिंगहॅम, भाऊजींचं स्वयंपाकघर. हजर: भाऊजी, म्हणजे माझ्या यजमानांचे थोरले मावसभाऊ, जाऊबाई, आमचे हे, इतिवृत्त लिहायला मी, आणि साखरेच्या डब्याला टेकवलेल्या फोनमध्ये, लंडनच्या हाउन्सलोहून, भाऊजींची मुलगी. विषय एकच: गुरुवारच्या मुलाखतीत भाऊजींना मॅजिस्ट्रेट म्हणून पास करवणे.

अंगावर एकही खटला नसताना कोर्टावर इतकं प्रेम करणारा माणूस या अख्ख्या काउंटीत दुसरा नाही, हे मी जबाबदारीने लिहिते आहे. निवृत्त झाल्यावर लोक गोल्फ धरतात, गीता धरतात, नाहीतर गुडघे धरून बसतात. भाऊजींनी कोर्ट धरलं. पहिल्या हिवाळ्यात घरचं हीटिंग बिघडलं म्हणून ते मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या पब्लिक गॅलरीत जाऊन बसले. हीटिंग दुरुस्त झालं, भाऊजी काही परत आले नाहीत. रोज सकाळी जाऊबाई डबा भरून देतात आणि शेजारच्या बाई विचारतात, "अजून नोकरी करतात का हे?" जाऊबाई म्हणतात, "नाही हो, कोर्टात असतात." मग शेजारच्या बाई हळूच विषय बदलतात.

इथल्या कोर्टांची रचना कुणालाही समजावून द्यायला भाऊजी सदैव तयार असतात. समोरच्याने विचारायचीही वाट पाहत नाहीत. गेल्या दिवाळीत हीटिंगचा बॉयलर तपासायला आलेल्या माणसाला त्यांनी स्वयंपाकघरातल्या स्वयंपाकघरात सगळं समजावलं. मॅजिस्ट्रेट कोर्ट म्हणजे ओटा. कुठलाही गुन्हा असो, आधी तो ओट्यावरच येणार. बारीकसारीक असेल तर तिथेच चिरून मोकळे. मोठा असेल तर ओव्हनमध्ये, म्हणजे क्राउन कोर्टात, तिथे बारा माणसांची ज्युरी आणि मंद आच. काउंटी कोर्ट म्हणजे फ्रीज. तिथे गुन्हे नाहीत. घरमालक-भाडेकरू, शेजारी-शेजारी, असली भांडणं गार होईपर्यंत ठेवतात. शिवाय नावात काउंटी असली तरी त्याचा काउंटीशी संबंध नाही. अख्ख्या इंग्लंड आणि वेल्सचं मिळून ते एकच, इथे त्याची नुसती बैठक भरते. फॅमिली कोर्ट म्हणजे दार लावून घेतलेली जेवणाची खोली. आणि ट्रायब्युनल म्हणजे वॉशिंग मशीन: स्वयंपाकघरातच आहे, पण स्वयंपाकाशी त्याचा संबंध नाही. बॉयलरवाला म्हणाला, "आणि बॉयलर?" भाऊजींनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "अपील."

या ज्ञानाचा बाहेर लोकांना फार उपयोग होतो, हे मान्य केलं पाहिजे. कोर्टाच्या दारात माणूस आधीच गोंधळलेला असतो. भाऊजी त्याला गाठतात, "क्रिमिनल की सिव्हिल?" विचारतात आणि योग्य इमारतीच्या दारापर्यंत पोचवून येतात. एकदा तर एका तरुण वकिलीणबाईंनाच ते रस्ता ओलांडून नेऊन आले, कारण त्या चुकीच्या कोर्टात बरोबर कागद घेऊन उभ्या होत्या. काळा झगा घालून पुकारा करणारे तिथले कर्मचारी आता भाऊजींना विचारतात, "आज उशीर?"

घरात मात्र या ज्ञानाने फार हाल होतात. आमच्या ह्यांनी जाऊबाईंचा कुकर नेला आणि शिट्टीशिवाय परत केला. जाऊबाईंनी तक्रार केली. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, अरे, शिट्टी आण. भाऊजी म्हणाले, "थांबा. शिट्टी मुद्दाम ठेवून घेतली असेल तर ती चोरी, म्हणजे मॅजिस्ट्रेट. हरवली असेल तर नुकसानभरपाई, म्हणजे काउंटी कोर्ट. आणि हा माझा मावसभाऊ असल्यामुळे हे फॅमिलीत बसतं का, तेही बघावं लागेल."

"बघा सावकाश," जाऊबाई म्हणाल्या. "तोवर डाळ कुठल्या कोर्टात शिजवू तेवढं सांगा."

शिट्टी शेवटी आमच्या गाडीच्या सीटखाली सापडली. प्रकरण अजून ओट्यावरच आहे.

तर अशा माणसाने मॅजिस्ट्रेट व्हावं, हे कोणालाही सुचेल. त्याला कायद्याची पदवी लागत नाही, पगार मिळत नाही; तिघांनी मिळून बसायचं, कायदा सांगायला समोर एक सल्लागार असतो. आपण फक्त शहाणपणाने निर्णय द्यायचा. आम्ही थट्टा केली तेव्हा भाऊजी एकदाच गंभीर झाले. म्हणाले, "या देशात आलो तेव्हापासून मी टेबलाच्या अलीकडे उभा आहे. व्हिसाचं टेबल, बँकेचं टेबल, कौन्सिलचं टेबल. एकदा पलीकडे बसून बघायचंय रे. अलीकडच्याला खुर्ची देता येते का, ते बघायचंय." त्यानंतर आम्ही थट्टा केली नाही. म्हणजे त्या दिवशी केली नाही.

गेल्या वर्षी पहिली मुलाखत झाली. कोर्टांच्या रचनेवर भाऊजी इतके बोलले, की समितीतल्या एका बाईंनी लिहून घेतलं म्हणे. मग त्यांनी विचारलं, शेजारी बसलेल्या मॅजिस्ट्रेटच्या तोंडाला दारूचा वास आला तर काय कराल? अपेक्षित उत्तर असं, की कामकाज थांबवून वरिष्ठांना कळवीन. भाऊजी म्हणाले, "आधी ताक देईन." पुढचे सगळे प्रश्न याच वाटेने गेले. कळवलं ते असं: उमेदवाराचं ज्ञान असाधारण आहे, परंतु उमेदवार कोणाविरुद्धही निर्णय देऊ शकेल असं वाटत नाही. पुन्हा प्रयत्न करावा. या वेळीही जमलं नाही तर भाऊजी पुन्हा अर्ज करणार नाहीत. तसं ते बोललेले नाहीत, पण जाऊबाई म्हणतात की मुलाखतीचा कोट त्यांनी धुवायला न टाकता थेट लॉफ्टमध्ये ठेवला होता, आणि गेल्या आठवड्यात तो खाली आणताना दोनदा विचारलं, "आणू ना?"

म्हणून आजची बैठक. मी कामाची विभागणी करून आणली होती. जेवणाच्या टेबलाशी मधल्या खुर्चीत भाऊजी, उजवीकडे मी, डाव्या बाजूला फोनमधली मुलगी, तीच सल्लागारही. आरोपी क्रमांक एक, आमचे हे. आरोप, विमा नसताना गाडी चालवणे. ह्यांना मी बजावून ठेवलं होतं की पहिल्या प्रश्नालाच गुन्हा कबूल करायचा, म्हणजे भाऊजींना सोपं जाईल.

"गुन्हा कबूल आहे," हे म्हणाले.

भाऊजींनी त्यांच्याकडे बराच वेळ प्रेमाने पाहिलं. "निर्दोष."

"दादा, मी कबूल केलंय!"

"म्हणूनच. कबूल करणारा माणूस प्रामाणिक असतो. प्रामाणिक माणसाला शिक्षा करून समाजाला काय शिकवायचं?"

"बाबा," साखरेच्या डब्याजवळून आवाज आला, "तू असं नाही करू शकत. त्याने प्लीड गिल्टी केलाय. आता फक्त शिक्षा दिली पाहिजे. निर्णय तर झाली आहे ऑलरेडी."

"नाश्ता केलायस का तू?" भाऊजींनी सल्लागाराला विचारलं.

आरोपी क्रमांक दोन, जाऊबाई. हा खटला खरा होता. भाऊजींनी उन्हाळाभर ग्रीनहाऊसमध्ये अळू वाढवलं होतं. मंडळाच्या कार्यक्रमात ते कुंडीसकट मिरवणार होते. जाऊबाईंनी शुक्रवारी पानं कापून वड्या केल्या. इतका उघड गुन्हा या गावात झाला नसेल. अडचण एवढीच, की त्या वड्या आम्ही बैठकीच्या आधी खाल्ल्या होत्या. सगळ्यात जास्त मॅजिस्ट्रेटसाहेबांनी.

"गुन्हा कबूल?" मी विचारलं.

"मुळीच नाही," जाऊबाई म्हणाल्या. "अळू खायचं असतं. मिरवायचं असेल तर मला मिरवा."

"पुरावा?" भाऊजींनी विचारलं.

"तुमच्या मिशीला आहे," मी म्हटलं.

हे हसायला लागले, मुलगी हसायला लागली, भाऊजीही. जाऊबाई हसल्या नाहीत. त्या खुर्ची सोडून उठल्या आणि टेबलासमोर उभ्या राहिल्या, हात पुढे धरून, जसं आपण कौन्सिलच्या काउंटरसमोर उभे राहतो तसं. म्हणाल्या, "अहो, द्या ना शिक्षा. मी केलंय, तुम्हाला माहीत आहे. मला दोषी म्हणता येत नसेल, तर गुरुवारी त्या समितीला काय सांगाल? मला तुम्हाला तिथे बसलेलं बघायचंय. एकदा म्हणा, दोषी."

भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, लावला. मिशी पुसली. तोंड उघडलं. त्यांनी मनापासून प्रयत्न केला, हे मी शपथेवर सांगेन. मग ते उठले, स्वतःची खुर्ची उचलून टेबलाच्या अलीकडे आणली आणि जाऊबाईंमागे ठेवली. "आधी बस तू. उभी का?"

"झालं," मुलगी फोनमधून म्हणाली, पण तिचा आवाज चिडल्यासारखा नव्हता.

भाऊजी उभेच होते. त्यांच्या बाजूची मधली जागा आता रिकामी होती. "निकाल राखून ठेवतो," ते म्हणाले आणि कचऱ्याची पिशवी उचलून मागच्या दाराने बाहेर गेले. मी डबे घासताना अर्धवट उघड्या खिडकीतून पाहिलं. कौन्सिलने दिलेल्या चाकं लावलेल्या हिरव्या कचरापेटीसमोर ते ताठ उभे होते. हळू आवाजात त्यांनी त्या पेटीला दोषी ठरवलं. मग इकडेतिकडे बघून तिचं झाकण नीट लावलं आणि त्यावर दोनदा थोपटलं.

बैठक चहा घेऊन संपली. कोट इस्त्री केला: झालं. गुरुवारच्या बसची वेळ पाहिली: झालं. आरोपी क्रमांक दोनचा निकाल: बाकी.