पंपघराची चाबी

नाशिककडच्या द्राक्षमळ्यांत मी आठ वर्षं काढली, आधी मजूर म्हणून, मग सुपरवायझर म्हणून. गोंदिया जिल्ह्यात कोहमाऱ्याजवळ आमच्या धानाच्या बांध्यांच्या वर एक मुरमाड एकर पडीक होता. तिथं वाइनची द्राक्षं लावायला परत आलो तेव्हा डोक्यात एकच होतं: जे लागत नाही ते द्यायचं नाही. जास्तीचं खत नाही, फवारा नाही, मजूर नाही, पाणी नाही. कमी खर्चात मळा कसा चालवायचा ते मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं कुणी म्हटलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

गावानं थट्टा केली. विहारात पंचशील म्हणणाऱ्या माणसाच्या वावरात दारूचा मळा! बाबा म्हणायचे, "दारूचं पोरगा पायते. मी वेल पायतो." आणि खरंच पाहायचे. रोज सकाळी पंप सुरू करायचा, ठिबकच्या नळ्यांतून थेंब पडतात का ते ओणवं होऊन बघायचं, हे काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. पंपघराची चाबी त्यांच्या करदोट्याला बांधलेली असायची.

तिसऱ्या वर्षी पहिला खरा माल धरला. वाइनच्या द्राक्षांना तोडणीआधी काही आठवडे तहानेवर ठेवतात. मणी बारीक राहतात, गोडी दाटते. मी बाबांना एवढंच म्हणालो, "आता पंप सुरू नोका करू." का, ते सांगितलं नाही.

बाबांनी जन्मभर धान केलं. लोंबी भरताना चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी आलं नाही तर दाणा पोचट राहतो, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. भरत्या पिकाला तहानेलं ठेवणं त्यांच्या लेखी पाप होतं. पंधरा दिवस त्यांनी मलूल होणारी पानं पाहिली. मग मी कामानं गोंदियाला गेलो त्या दिवशी त्यांनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पंप चालवला.

वायनरीचा माणूस गोडी मोजायला आला तोवर मणी टरारले होते, कितीतरी फुटले होते. त्यानं रस काचेवर टाकून नळी डोळ्याला लावली आणि मान हलवली. माल घेतला नाही.

तोडणीला बोलावलेल्या बायांसमोर मी बाबांवर ओरडलो, "कोनं सांगतलं व्हतं तुमाले? अक्कल हाये का काही?"

"तहानले व्हते वेल," ते म्हणाले. "मी पाणी देलो."

मी चाबीसाठी हात पुढे केला. बाबांनी सदरा वर करून करदोट्याची गाठ सोडायला घेतली. गाठ सुटेना. मी हात तसाच धरून उभा राहिलो. ओरडण्यापेक्षाही त्या उभं राहण्याची मला आज लाज वाटते.

त्यानंतर बाबा मळ्यात आले नाहीत. छाटणीतली एक काडी त्यांनी घरामागे न्हाणीच्या सांडपाण्यावर लावली. वेल माजला. दुसऱ्या वर्षी त्याला सात-आठ घोस आले. बाबांनी वाटीभर द्राक्षं माझ्यापुढे ठेवली.

"खाऊन पाय. गोड हायेत का?"

त्या दिवसानंतर द्राक्षाचा विषय त्यांनी पहिल्यांदाच काढला होता. मी एक मणी तोंडात टाकला आणि सवयीनं बोलून गेलो, "फिक्के हायेत. पाणी जास्त झालं."

"हो," बाबा म्हणाले, आणि वाटी उचलून आत घेऊन गेले.

त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. मळा आता नीट चालतो. पंपाला टायमर आहे, चाबी लागत नाही. दूरचे शेतकरी बघायला येतात. वेल तहानेवर का ठेवायचा, ते मी त्यांना फळ्यावर आकृती काढून तासभर समजावतो. बाबांना दोन वाक्यांत कळलं असतं.

घरामागच्या वेलाला मी रोज सकाळी बादलीभर पाणी घालतो. द्राक्षं फिकीच येतात. एकही टाकत नाही.