तीन बोटं इबूत

पंचाक्षरी रेडिओवाल्याचा एक नेम हुता. वॉल्वच्या रेडिओत हात घालताना डावा हात खिशात. दोन्ही हात आत गेलं की करंट छातीतनं जातो, म्हनायचा. ट्रान्झिस्टरवरचे नवे मेकॅनिक त्याला हसायचे.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. बाळीवेशीतल्या धोंडप्पाकडं लाकडी खोक्याचा वॉल्वचा रेडिओ हुता, आन् सेलवरचा नवा रेकॉर्ड प्लेअर. प्लेअरचा आवाज चिलटागत. पंचाक्षरीनं पत्र्याची डबी करून तिच्यात दोन ट्रान्झिस्टर बसवले. डबीनं आवाज उचलायचा, रेडिओच्या वॉल्वनं त्याला अंग आनायचं. असं वाजलं की गल्ली दारात येऊन हुबी ऱ्हायली. धोंडप्पा म्हनला, आई पूजेवरनं उठली की तिला ऐकवतो, तवर प्लग काढून ठिवतो.

टिळक चौकात पानाला चुना लावताना पंचाक्षरीच्या हाताला खिशातली लाल रंगाची शिशी लागली. बूच तसंच.

त्या रेडिओचा आतला सांगाडा थेट लाईनीवर. दोन पिनांचा प्लग सुलट घातला तर थंड, उलट घातला तर सगळा करंट त्यात. लाकडाच्या आत हुता तवर कुनाचा हात लागत न्हवता. आता वायरीनं तो डबीला जोडलेला, आन् डबी उघडी टेबलावर. प्लगच्या सुलट बाजूला लाल खूण करायची, तीच ऱ्हायली. आन् धोंडप्पाची आई सिद्धम्मा घरात आलेल्या नव्या जिनसेला इबूत, देवापुढलं भस्म, लावल्याबिगर ऱ्हायची न्हाय. ओल्या तीन बोटांनी, अनवाणी.

पान तितंच टाकून त्यानं सायकल हानली. बोळात सुताच्या गठ्ठ्यांची गाडी आडवी. सायकल भिताडाला टाकली, पळत सुटला. दारातच गानं ऐकू आलं. म्हंजे प्लग घातलेला. कुठल्या बाजूनं, ते गान्यात कळत न्हाय.

फरशी नुकतीच पुसलेली. सिद्धम्मा वाकलेली, बोटं डबीपासनं इतभर. पंचाक्षरीच्या तोंडातनं मराठी पळाली, घरातली कानडी आली.

"अव्वा, मुट्टब्याड्री."

हात लावू नका, एवढंच. ती थांबली. त्यानं डावा हात खिशात घातला, उजव्यानं टेस्टर डबीला टेकवला. दिवा लाल पेटला. पंचाक्षरीनं प्लग उपसला आन् चूक माझी हाय म्हनून सांगितलं.

सिद्धम्मानं आपल्या बोटांकडं बघितलं. "तुझा देव लई कडक हाय की रे. इबूत चालंना त्याला."

आठ दिवसांनी त्यानं सेट परत आनला. मधी ट्रान्सफॉर्मर घालून सांगाडा लाईनीपासनं तोडला हुता. प्लग दोन्ही बाजूंनी घालून टेस्टर लावून दावला, दिवा पेटला न्हाय. मग बोटं ओली करून डबीवर स्वतः तीन पट्टे ओढले.

"आता लावा, अव्वा."

सिद्धम्मा हलली न्हाय.

"आदी खिशातला हात भाईर काढ," म्हनली.