डॉक्टरांच्या सल्ल्याने गेम बंद

माझे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. टॅबवरच्या बंदुकांच्या गेममध्ये त्यांनी आतापर्यंत तीनशे बारा जणांना मारलं आहे. हा आकडा गेमच दाखवतो. माझ्याकडचे आकडे त्यांच्या रक्तदाबाचे आहेत आणि त्यांची वही आत्ता माझ्यासमोर उघडी आहे.

मी रेल्वेच्या कचेरीत आकडेवारी जुळवण्याचं काम करतो. गाड्या किती, उशीर किती, कोणत्या कारणाने किती. बाबा मालगाडीवर गार्ड होते. मी चौथीत असताना त्यांची भुसावळहून बदली झाली, आम्ही जयपूरला आलो आणि इथेच राहिलो. घर खातीपुऱ्यात, स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर. आमच्याकडे लिहिलेल्या गोष्टीला फार मान आहे. पुढे रूळ नाजूक असला की वेग कमी ठेवण्याचा लेखी हुकूम गार्डाच्या हातात देतात. तो सही करून घेतो आणि मग त्यावर वाद नसतो. बाबा घरातही तसेच वागत आले. तोंडी सांगितलं तर तासभर हुज्जत घालतील, कागद दाखवला की गप्प.

गेल्या श्रावणात आई गेली. तेरा दिवस मी सगळं बघितलं. किती माणसं येणार, किती पानं लागणार, कोणाला कोणत्या गाडीने पाठवायचं. मला रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. बाबाही रडले नाहीत, फक्त बोलायचे थांबले. खुर्ची खिडकीपाशी ओढून बसायचे आणि मालगाडी गेली की घड्याळ बघायचे.

मुलगी पुण्याला शिकते. दिवाळीला आली तेव्हा तिने त्यांच्या हातात आपला जुना टॅब ठेवला. ती जयपूरची, तिच्या मराठीत हिंदी मिसळलेली असते. "आजोबा, मतलब, सगळे एका बेटावर उतरतात. एकमेकांना मारतात. शेवटी एकच टीम वाचते. समजलं ना?"

बाबांनी विचारलं, "आपल्या टीममध्ये मागे कोण बघतं?"

"मागे? कोणीच नाही."

"मग मी बघतो," ते म्हणाले. बत्तीस वर्षं ते गाडीच्या शेवटच्या डब्यातच बसत आले होते.

तेव्हापासून रोज दुपारी साडेतीनला ते कानाला हेडफोन लावून बसू लागले. दोन तास, कधी अडीच. टीममध्ये आणखी तिघं, चेहरे कधी न पाहिलेले. त्यातली एक मुलगी कोटा शहरातली होती. सगळे त्यांना दादाजी म्हणत. बाबा ओरडत, "पीछे! जीने के पीछे!" भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनी एकदा विचारलं की घरात भांडण चालू आहे का. मी बाबांना विचारलं, मारताना काय वाटतं. "बरं वाटतं," ते म्हणाले आणि पुन्हा टॅबच्या काचेकडे बघू लागले.

थंडीत त्यांच्या छातीत धडधडू लागलं, म्हणून राजापार्कातल्या आमच्या डॉक्टरांकडे नेलं. तेही मराठीच. त्यांनी रक्तदाब रोज सकाळ-संध्याकाळ घेऊन लिहून ठेवायला सांगितला. मी वही आखली आणि दोन रकाने जास्तीचे घातले, गेमआधी आणि गेमनंतर. वर्तमानपत्रात वाचलं होतं की असले गेम खेळून ताण वाढतो, माणूस चिडका होतो. ते सगळं लहान मुलांबद्दल होतं. म्हाताऱ्यांबद्दल कुठे काही मिळालं नाही, तेव्हा आपणच मोजावं असं ठरवलं. तीन आठवड्यांची सरासरी काढली. वरचा आकडा आधी एकशे अडतीस, नंतर एकशे छप्पन्न. फरक अठराचा.

त्याच आठवड्यात बायकोने त्यांच्या कोपराशी चहा ठेवला. गेममध्ये नेमकी चकमक चालू होती. "हट ना!" असं ओरडून त्यांनी हात झटकला. कप पडला, चहा तिच्या पायावर सांडला. फोड आले नाहीत, पाय लाल झाला. बाबांचं तोंड उतरलं. त्यांनी हेडफोन काढून ठेवला आणि तीनदा माफी मागितली. मला राग आला नाही. खरं सांगायचं तर समाधान वाटलं, कारण आता माझ्याकडे अठराच्या फरकाबरोबर एक प्रसंगही होता.

बायको पायावर पाणी ओतत म्हणाली, "अहो, निदान ओरडले तरी. आई गेल्यापासून घरात माणूस आहे की कपाट, कळत नव्हतं."

मी ते मनावर घेतलं नाही. वही घेऊन एकटाच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पानं चाळली. खेळून उठल्याबरोबर घेतलेला आकडा वरच येणार, म्हणाले, जिना चढलात तरी वाढतो. पाच मिनिटं शांत बसवून मग घ्या. आणि गेम जरा कमी करायला सांगा, अर्धा-पाऊण तास पुरे.

घरी येऊन मी लाल पेनाने वहीत लिहिलं, 'डॉक्टरांच्या सल्ल्याने गेम बंद.' खाली तारीख आणि माझी सही. बाबांनी चष्मा लावला, वाचलं, माझ्या सहीखाली आपली सही केली आणि वेळ घातली, १८:१०. टॅब माझ्या हातात दिला.

ही नजरचूक नव्हती. डॉक्टर 'कमी' म्हणाले होते आणि मी 'बंद' लिहीत होतो, हे लिहिताना मला माहीत होतं. अर्धा तास की पाऊण, यावर रोज पहारा ठेवावा लागला असता. शून्य तपासायला सोपं असतं.

त्यानंतरचे आकडे फार चांगले आले. एकशे बत्तीस, एकशे तीस, एकशे चौतीस, एकशे एकतीस. मी आलेख काढला. रेघ जवळपास सरळ होती. धडधडही थांबली.

बाबा पुन्हा खिडकीपाशी बसू लागले. गाडी जायची तेव्हा आता घड्याळ बघत नसत. दाढी एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड. पट्टा बांधायला गेलो की हात पुढे करायचे आणि मशीन थांबलं की मागे घ्यायचे. पूर्वी दर वेळी 'किती?' विचारायचे. ते कधी बंद झालं, हे मला सांगता येणार नाही. त्याची नोंद मी ठेवली नव्हती.

होळीनंतर इथे शीतळामातेचा बासोडा असतो. त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचं गार खातात. शेजारच्या बाई चाकसूच्या मेळ्याला जाऊन येतात आणि आमच्याकडे गोड पुए आणि बाजरीच्या राबडीचं ताट पाठवतात. दर वर्षी बाबा म्हणायचे, बासोड्यामुळे वर्षातून एक दिवस तरी सुनेला रजा मिळते, भुसावळला ती सोय नव्हती. बायको दर वर्षी हसायची. या वर्षी ताट समोर ठेवलं तर म्हणाले, "ठेव तिथे." ते संध्याकाळपर्यंत तिथेच होतं.

मी वही भरत होतो, तेव्हा बायको येऊन शेजारी उभी राहिली.

"एक आकडा मी सांगू? आज दिवसभरात नऊ शब्द. मी मोजले. काल अकरा होते."

तिने कधी काही मोजलेलं मला आठवत नाही. भाजीत मीठसुद्धा ती हातानेच अंदाजाने घालते.

"कोणते?" मी विचारलं.

"हो. नको. हो. नको. ठेव तिथे. झालं. झोपतो. हो." तिने बोटं दाखवली. "नऊच ना?"

नऊच होते. मला काही वाटलं असं म्हणता येत नाही. पण कचेरीतली एक गोष्ट आठवली. गाडीच्या उशिराचं कारण चुकीचं भरलं तरी मिनिटांची बेरीज बरोबरच येते. तक्ता स्वच्छ दिसतो. अशी नोंद दुसऱ्या कोणी केलेली सापडली तर मी ती वरिष्ठांकडे पाठवतो. एकदा एका सहकाऱ्याची पाठवली होती. शनिवारी डॉक्टरांकडे जाऊन मी हा आलेख दाखवणार होतो आणि ते शाबास म्हणणार होते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. दुपारी बाबांच्या खुर्चीपाशी बसून वहीत लिहिलं, 'आधीची सूचना रद्द. डॉक्टरांनी गेम कमी करायला सांगितलं होतं. बंद मी केला.' सही केली आणि वही पुढे धरली.

त्यांनी दोनदा वाचलं.

"डॉक्टर असं बोललेच नव्हते?"

"नाही."

"मग त्यांचं नाव कशाला घातलंस?"

"माझं म्हणून लिहिलं असतं तर तुम्ही ऐकलं नसतं."

"नसतंच ऐकलं." चष्मा काढून त्यांनी सदऱ्याला पुसला. "लाइनवर असा खोटा हुकूम दिला असतास तर घरी बसवलं असतं तुला."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी सही केली आणि वेळ घातली, १६:२०.

बायकोने टॅब आणून दिला. पूर्ण चार्ज होता. गेले अडतीस दिवस ती दर दोन-तीन दिवसांनी तो चार्ज करत होती. मला दिसलं नव्हतं.

गेमला आधी अपडेट हवा होता. त्यात पंचवीस मिनिटं गेली, तोवर आम्ही तिघंही गोल फिरणाऱ्या चिन्हाकडे बघत बसलो. टीममधले दोघे सोडून गेले होते. कोट्याची मुलगी होती. घाईत बाबांनी हेडफोन लावला नव्हता, म्हणून तिचा आवाज आम्हालाही ऐकू आला.

"दादाजी? हमने तो सोचा..."

"छुट्टी पर था," बाबा म्हणाले. "चल, आगे देख. पीछे मैं हूँ."

सहाव्या मिनिटाला ते मेले. पाठीमागूनच गोळी आली. "घ्या," एवढंच म्हणून ते पुन्हा उतरले. चाळीस मिनिटं झाल्यावर घड्याळ बघून त्यांनी स्वतःच टॅब खाली ठेवला आणि हात पुढे केला. मी म्हटलं, पाच मिनिटं थांबायचं आहे. थांबले. मग मी पट्टा बांधला.

"किती?"

"एकशे बेचाळीस."

"लिही. आणि सही पूर्ण नावाने कर."

शनिवारी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले की चाळीस मिनिटं ठीक आहे, आकडे असेच घेत राहा.

आता रोजच्या नोंदीनंतर बाबा वही मागून घेतात. चष्मा लावून प्रत्येक रकाना वाचतात, मशीनच्या पडद्यावरचा आकडा स्वतः पडताळतात आणि मगच सही करतात. मी लिहिलेलं तसंच मान्य करत नाहीत. काल त्यांनी वही माझ्याकडे परत सरकवली.

"तुझा एकाचा आकडा नऊसारखा दिसतो. नीट काढ," म्हणाले.

मी खोडून नीट काढला.