खाली मूळ नसलेला नकाशा

प्रभामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी सायबर कॅफेत बसून कुणा अनोळखी माणसाशी इंटरनेटवर भांडत होते. वाद नेहमीचाच, सॉफ्टवेअर कुणाच्या मालकीचं असावं... नितीनदादा, तिचा मुलगा, एवढंच म्हणाला, "आई गेली गं. झोपेतच." अर्धवट टाइप केलेलं वाक्य तसंच टाकून मी उठले. महिना झाला, ते पूर्ण करावंसं वाटलेलं नाही.

मावशी सरकारी कार्यालयात ट्रेसर होती. इंजिनिअरच्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि खालची रेघ न् रेघ शाईने वर उतरवायची, हे काम तिने नोकरीभर केलं. पाट, चाऱ्या, नाले, बांध. ट्रेसरचा धर्म एकच, खाली जे आहे तेच वर. एकदा तिला दिसलं, की मूळ नकाशातला एक नाला चढाकडे वाहतोय. साहेबांना सांगायला गेली तर ते म्हणाले, "बाई, तुम्ही ट्रेसर आहात." तिने तो नाला तसाच चढवला. पुढे कार्यालयात कॉम्प्युटर आले, ट्रेसरचं काम संपलं, ती निवृत्त झाली आणि वर्षभरात तिचा उजवा हात थरथरायला लागला. जेलरोडच्या घरापुढे ती रोज ठिपक्यांची रांगोळी काढायची, तीही बंद केली. "वाकड्या रेघेपेक्षा कोरं अंगण बरं," म्हणायची.

मी चळवळीतल्या वडिलांच्या पत्रकांवर अक्षरं गिरवलेली मुलगी. जगातलं काहीही एका पानात पटवून देता येतं, असं मला वाटायचं. तेव्हा मी आणि माझा मित्र सचिन एक डावपेचांचा कॉम्प्युटर गेम मराठीत आणत होतो. नकाशावर खेळायचा हा गेम सगळ्यांना खुला होता. आतला प्रोग्राम कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा. मी पत्रक लिहिलं, "खेळणाऱ्यांनो, आता घडवणारे व्हा!" मावशीला ते वाचून दाखवलं, तर तिने विचारलं, "मग यात नवा नकाशा कसा घडवायचा?" मी फाइल उघडून दाखवली. नुसत्या इंग्रजी अक्षरांच्या ओळी; एक अक्षर गवताचं, एक पाण्याचं, एक डोंगराचं. एखादं चुकलं की गेम सुरूच होत नसे. मावशीने चष्मा वर केला. "कुलूप काढलंत खरं, पण कडी आतून लावलेलीच आहे की गं!"

ते झोंबलं. सचिनने काही महिने खपून नकाशे काढायचं एक सोपं साधन तयार केलं. सगळं मराठीत. कडेला गवत, पाणी, दगड, पूल यांचे चौकोन. माउसने उचलायचे आणि पडद्यावर सोडायचे. चौकोन आपोआप आपल्या घरात जाऊन बसे. हात हलला तरी रेघ हलत नव्हती. मावशीने पाण्याचे दहाबारा चौकोन ओळीने ठेवले आणि स्वतःच्या हाताकडे बघत राहिली... मग म्हणाली, "खाली काय ठेवायचं?"

"खाली काही नसतं मावशी. हवं ते काढ."

"हवं ते म्हणजे कुणाला हवं ते?"

मी भडकले. स्वातंत्र्यावर लांबलचक भाषण ठोकलं. तिने शांतपणे कॉम्प्युटर बंद केला. "चहा टाकते. ओरडून घसा बसला असेल तुझा." त्यानंतर कित्येक दिवस तिने माउसला हात लावला नाही. साधन सोपं झालं होतं, हात साथ देत होता, आणि तरी ती स्वतःचं म्हणून काही काढू शकत नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रेघा काढून ही बाई अशीच जाणार, या विचाराने मला रडू यायचं.

मग सचिनने आणखी एक सोय केली. चौकोनांच्या खाली एखादा कागदी नकाशा फिकट दिसायचा. मी कडाडून विरोध केला, "नक्कल म्हणजे निर्मिती नव्हे!" सचिन म्हणाला, "तुझं पत्रक नंतर छाप. आधी मावशीला बसू दे." मावशी बसली. कार्यालयाने रद्दीत काढलेले निळे प्रिंट तिच्या फडताळात डब्यांखाली अंथरलेले होते. ते तिने झटकले, आम्ही स्कॅन करून आणले, आणि ती एकेक गिरवू लागली. चौथ्या नकाशावर तिचा हात थांबला. तोच नाला.

"हा चढतोय."

"मग?"

"साहेब नाहीत ना इथे?"

"नाहीत."

तिने नाला उचलला आणि उताराने खाली आणून नदीला मिळवला. आणि म्हणाली, "आता खालचं काढून टाक." त्यानंतरचे सगळे नकाशे तिचे होते. त्यांत जिंकायचं तर पाण्याच्या कलाने चालावं लागे. घाईने सरळ जाणारा खेळाडू, म्हणजे मी, दरवेळी हरे.

परवा नितीनदादाने विचारलं, "तिचे नकाशे आता कुणी बदलू नयेत, असं करता येईल का?" खरं सांगते, क्षणभर मलाही तेच हवं होतं. पण नकाशे इंटरनेटवरून कधीच सगळीकडे गेले होते. नामपूरच्या एका शाळेतल्या मुलींनी तिच्या नदीकाठी कांद्याचा बाजार भरवला होता, एक टेकडी सरळ उडवली होती. मला राग आला... मग लक्ष गेलं उजव्या कोपऱ्याकडे. मावशी प्रत्येक नकाशात तिथे कुंपण घालून गवताचा एक तुकडा रिकामा सोडायची. खेळात त्याचा काही उपयोग नाही. कार्यालयाच्या नकाशांवर तिथे नावं असत. काढलं कुणी, तपासलं कुणी, मंजूर केलं कुणी. मुलींनी तो तुकडा पुसलेला नव्हता. नितीनदादा पडद्याकडे बघत म्हणाला, "राहू दे मग. बदलू दे त्यांना."

नंतर त्या मुलींचे स्वतःचे, कोऱ्यापासून काढलेले नकाशे आम्ही एकेक करून उघडले. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात कुंपण घातलेलं गवत आहे. त्यांना वाटतंय, नकाशा असाच काढतात.