न दुखणारी जागा

डॉक्टरबाईंनी माझ्या बेंबीच्या डाव्या बाजूला दोन बोटं दाबली. मग उजवीकडे दाबलं.

"ह्या गाठी कधीपासून आहेत?"

"गाठी नाहीत, चरबी आहे," मी म्हणालो.

"ह्याला लायपोहायपरट्रॉफी म्हणतात. एकाच जागी सुई टोचत राहिलं की कातडीखालची चरबी जाड होते. तिथे दुखत नाही, पण औषधही रक्तात नीट उतरत नाही. तुम्ही आज थोडक्यात वाचलात."

हाताला सलाइन लावलेलं होतं. माझा धाकटा भाऊ दिगू खाटेच्या पायाशी उभा होता. त्याचे कपडे अजून ओले होते.

आम्ही मांडवी बंदरातले मच्छीमार. लाँच दोघा भावांची. सुकाणू धरणारा तांडेल मी, जाळी दिगूकडे. मधुमेहाला गोळ्या पुरेनात तेव्हा मला इन्सुलिन सुरू झालं. सुरुवातीला सुई टोचताना दुखायचं. मग बेंबीशेजारी अशी जागा सापडली, जिथे टोचलेलं कळायचंच नाही. वाटलं, अंगाला सवय झाली. रोज तिथेच टोचू लागलो.

साखर मात्र उतरेना. रिपोर्ट बघून दवाखान्यात डोस वाढवायचे. पोट कुणी बघितलं नाही, मीही दाखवलं नाही. तोंडाला कोरड पडायची. बंदरातले दिवे फुटल्यासारखे दिसायचे. एकदा शिंपल्याने पाय कापला ते कळलंच नाही. फळ्यांवर रक्त बघून दिगू ओरडला, तेव्हा खाली बघितलं. आतून काहीतरी पोखरतंय, एवढंच जाणवायचं.

मग एकदा टोचलेलं औषध बाहेर ओघळलं, म्हणून दुसऱ्या दिवशी मांडीत टोचलं. डोस तोच, वाढत वाढत आलेला. भाकरी खाऊन निघालो. जाळं जड आलं, मीही ओढायला लागलो.

परतताना दरदरून घाम सुटला. दमलो असेन म्हटलं. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. बाकीचं दिगूने सांगितलं. मी सुकाणू धरून हसत होतो म्हणे. समोर दीपगृहाखालची खडपं, त्यांवर लाटा फुटत होत्या, आणि लाँच सरळ तिकडेच चालली होती.

"दादा, फिरव! खडप आलं!"

आवाज ऐकू येत होता. अर्थ लागत नव्हता.

"दादा, सोड सुकाणू!"

तो माझी बोटं सोडवायला लागला, तर मी त्याला ढकललं. शेवटी त्याने खांद्याने मला आडवं केलं आणि सुकाणू फिरवलं. लाट अंगावरून गेली. लाँचच्या बुडाला खडक घासल्याचा आवाज आला. तो आवाज मला पक्का आठवतो. आमच्याबरोबर तीन खलाशी होते, तिघेही बायकापोरांचे.

दिगूने चहाची साखर पाण्यात कालवून चमच्याने पाजली, गिळता येत होतं तोवर. धक्क्याला लागेपर्यंत माझी शुद्ध गेली होती.

"मांडीची जागा चांगली होती," डॉक्टरबाई म्हणाल्या. "खूप दिवसांनी सगळं औषध रक्तात गेलं. त्यात मेहनत झाली. साखर एकदम खाली गेली, म्हणजे हायपोग्लायसेमिया. मेंदूला साखर पोचलीच नाही."

त्यांनी डोस बराच कमी केला. पोट, मांडी अशा जागा आखून दिल्या. रोज बोटभर अंतर सोडून टोचायचं, गाठींना हात लावायचा नाही. साखर हळूहळू ताब्यात आली. डोळ्यांच्या पडद्यावर मात्र रक्ताचे ठिपके सापडले. दर तपासणीला ते वाढलेत का बघतात, आणि डॉक्टर बोलेपर्यंत मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसतो.

तुम्ही इन्सुलिन घेत असाल तर टोचण्याच्या जागेवरून आज हात फिरवा. गाठ लागली तर डॉक्टरांना दाखवा. माझ्यासारखी मनानेच जागा बदलून तोच डोस घेऊ नका.

सुकाणू आता दिगूकडे आहे, मी जाळ्यांवर. निघण्याआधी तो सगळ्यांसमोर विचारतो, "दादा, खाल्लंस? टोचलंस कुठं?" सुरुवातीला मला लाज वाटायची. मी बोलायचो नाही आणि तो इंजिन सुरू करायचा नाही. खलाशी खाली मान घालून थांबायचे. आता मी सदरा वर करून जागा दाखवतो. तो नीट बघतो, मान हलवतो, आणि मगच लाँच धक्का सोडते.