जमनामायचं गाणं आणि तुमचे आजोबा

निहार, ऋचा, आजोबांना निरोप दिला तेव्हा तुम्ही दोघं फोनच्या पडद्यावर होतात. दुसऱ्या दिवशी ऋचाने विचारलं, "आजी, अंगण इतकं रिकामं का होतं?" तेव्हा मी विषय बदलला. याच तापीकाठच्या गावात जन्मलेल्या माणसाला खांदा द्यायला गावातून कोणी आलं नाही. नंदुरबारच्या कोर्टातले सहकारी वकील आले, म्हणून आजोबा स्मशानापर्यंत पोचले. तुमच्या कानावर अर्धवट काही येण्याआधी मीच क्रमाने लिहिते.

लहानपणी पोलिओ झाल्यामुळे आजोबांचा उजवा पाय आखूड राहिला होता. त्या पायात ते जाड टाचेचा बूट घालत. शाळेत त्यांना नावाने हाक मारणारं कोणी नव्हतं, 'लंगड्या' हेच नाव. पुढे वकील झाले, लोक साहेब म्हणू लागले, तरी तो शब्द ऐकला की त्यांचा चेहरा बदलायचा. घरात आम्ही तो कधी उच्चारला नाही.

आपल्याकडे लग्नात बायका व्याह्यांना गाण्यातून शिव्या देतात, हे तुम्ही पाहिलेलं नाही. मांडवात समोरच्या पक्षाचा जो मोठा, त्याला जास्त शिव्या. ज्याला कोणी शिवी दिली नाही तो खट्टू होतो. आपल्या गल्लीतली जमनामाय यात पटाईत होती. तिने शिवी जुळवायला सुरुवात केली की आचारीसुद्धा झारा टाकून ऐकायला येत. गेल्या वर्षी शेजारच्या मुलीच्या लग्नात समाजाचे अध्यक्ष आणि आजोबा वरपक्षाच्या आग्रहावरून त्यांच्या बाजूला शेजारी शेजारी बसले होते. अध्यक्षांना तिने देवाआधी नैवेद्य खाणारा केलं. मग आजोबांकडे वळून म्हणाली, "लंगडा वकील, लंगडा न्याव, दारशी येता सरनं गाव." न्याय दाराशी येईपर्यंत गावच संपलं... सगळा मांडव हसला. आजोबा उठले आणि न जेवता घरी आले.

कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला होता. त्यातून लग्न कापलं, मांडव कापला, फक्त शिव्या आणि या दोघांचे चेहरे ठेवले, आणि तो सगळीकडे फिरवला. अनोळखी माणसं आजोबांच्या चालण्याची नक्कल करून टाकू लागली. ते फोन हातात घेऊन एकेक पाहत राहायचे. मी काढून घेतला तर म्हणायचे, "राहू दे. काय म्हणतात ते कळू दे."

अध्यक्ष पोलिसांत द्यायची तक्रार लिहूनच घेऊन आले. दुसरी सही त्यांना आजोबांची हवी होती. अपंग माणसाची, तीही वकिलाची सही असली की जमनामाय सुटणार नाही, हे त्यांना नीट माहीत होतं. आजोबांनी कागद वाचून परत दिला. अध्यक्ष गेल्यावर मी विचारलं, "इतकं लागलंय, मग सही का नाही?" ते म्हणाले, "लागलंय म्हणूनच. न लागणारं बोलणं तर कुणीही खपवून घेतं, त्याला माझी काय गरज?"

समाजाच्या बैठकीत जमनामाय कोपऱ्यात पदर तोंडाला लावून उभी होती. आजोबा सगळ्यांसमोर म्हणाले, "माले ते गानं आवडनं नही. आज बी आवडत नही. पन गानं म्हननारी बाईले कोर्टमा उभी करानी नही."

मागून कुणी म्हणालं, "वकीलभाऊ, तुमले लाज वाटत नही का?"

"वाटस ना. पन ती लाज मन्ही शे. त्या बाईले शिक्षा कसाले?"

त्यानंतर समाजाने आपल्याला वाळीत टाकलं, केळीला मजूर मिळेना, लग्नाच्या पत्रिका बंद झाल्या. अध्यक्षांनी एकट्याच्या सहीने तक्रार दिली, आणि आजोबांनी जमनामायचं वकीलपत्र घेतलं. पण तिच्या मुलाच्या उसालाही तोडणीला मजूर मिळेना. शेवटी ती अध्यक्षांच्या ओट्यासमोर गेली, जमिनीला नाक लावून माफी मागून आली. त्याचाही व्हिडिओ निघाला. त्यावर लोक पहिल्यापेक्षा जास्त हसले... तक्रार मागे घेतली गेली. आजोबा म्हणाले, "मी हरलो," आणि परत कोर्टात गेले नाहीत. आमच्यावरचा बहिष्कार तसाच राहिला, कारण त्यांनी माफी मागितली नव्हती. पावसाळा संपता संपता त्यांच्या छातीत दुखलं. नंदुरबारला नेलं, पण उशीर झाला होता.

निरोपाच्या दिवशी गल्लीतून एकटी जमनामाय आली, पुढच्या दाराने, सगळ्यांच्या देखत. मयताचं गाणंही तीच म्हणायची. मी म्हटलं, "जमनामाय, यांच्यासाठी म्हण काही." तिने त्यांच्या त्या जाड टाचेच्या बुटावर हात ठेवला. "नही व्हत माय," ती म्हणाली. "तोंड उघडं की अध्यक्षना ओटा दिसस." ती गायली नाही. त्यानंतर गावात दोन लग्नं झाली, दोन्हीकडे डीजे होता.

अध्यक्षांनी तो लग्नातल्या गाण्याचा व्हिडिओ जिथून काढता आला तिथून काढायला लावला. आजोबांचा फोन माझ्याकडे आहे. ते गाणं त्यांना शेवटपर्यंत आवडलं नाही, आणि ते त्यांनी पुसलंही नाही. परवा मी लावून पाहिलं. जमनामायचा आवाज स्वच्छ ऐकू येतो.